परसातला मांडव

मांडव म्हटलं की आपल्या इंझोरीत आधी लग्न आठवतं, मग परसातला दोडका. शहरातल्या बंगल्यांच्या जाहिरातींत मात्र वेलींच्या मांडवाला ‘परगोला’ म्हणतात. आज आम्ही या दोन्ही शब्दांची कुळकथा सांगणार आहोत.

परगोला हा इटलीचा शब्द. तो लॅटिनमधल्या ‘पर्गुला’वरून आला. पर्गुला म्हणजे भिंतीपासून पुढे काढलेलं छप्पर, आपल्या पडवीसारखं. पुढे वेल चढवायच्या सांगाड्यालाही तेच नाव मिळालं. प्लिनी हा रोमन लेखक पहिल्या शतकात होऊन गेला. रोममधल्या एका द्राक्षवेलाबद्दल त्यानं लिहून ठेवलंय. तो एकच वेल फिरणाऱ्यांना सावली द्यायचा आणि वर्षाला बारा मोठे रांजण रसही द्यायचा.

आपला मांडव आला संस्कृत ‘मंडप’ या शब्दावरून. अमरकोशात मंडपाचा अर्थ ‘जनाश्रय’ दिला आहे, म्हणजे माणसांना आसरा देणारी जागा. कालिदासाच्या ‘शाकुंतल’ नाटकात दुष्यंत आणि शकुंतला भेटतात तो लतामंडप, वेलींचाच. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा दगडी मंडप तर आजही उभा आहे.

पण बघा, राजाचा मंडप नाटकात राहिला, देवाचा दगडात राहिला. बाईनं बांबू, तुराट्या आणि सुतळी घेऊन उभा केलेला मांडव कुठं राहिला? तो दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो. मृगात बी टोचायचं, पोळ्याच्या सुमारास दोडके तोडायचे. वेल वर चढला की फळ मातीला लागत नाही, सडत नाही, सरळ लोंबतं. एवढं शहाणपण, पण त्याची नोंद कुठंच नाही.

अशी नोंद शोधता येते, हे एका बाईनंच दाखवलं. इटलीतलं पाँपेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. विल्हेल्मिना जाशेम्स्की या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६० नंतर तिथल्या बागांचा शोध घेतला. मुळं कुजून जमिनीत पोकळ्या उरल्या होत्या. त्या साफ करून त्यांत सिमेंट ओतलं की मुळांचा आकार हाती यायचा. एका मळ्यात अशा द्राक्षवेलांच्या दोन हजारांवर खुणा निघाल्या. जेवणाच्या ओट्यावर वेलींचा मांडव होता, तेही कळलं.

आपल्याला सिमेंट ओतायची गरज नाही, सांगणाऱ्या बाया अजून घरात आहेत. आजी, सासूबाई, मोठ्या जावा यांना विचारा: मेढी कशाच्या रोवायच्या? उंची किती ठेवायची? बियाण्याचं फळ कोणतं राखायचं, आणि ते बी कुणाकडून आलं? वहीत लिहा, लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा. बी देणाऱ्या बाईचं नाव मात्र विसरू नका.