शब्दवेध : धमनी
‘धमनी’ आली संस्कृत ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे या धातूवरून. ग्रीक ‘आर्टेरिया’ हा शब्दही आधी श्वासनलिकेसाठीच होता. मृतदेहात धमन्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांत वारा खेळतो असा समज होता. तो दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेनने खोडला: धमन्यांत रक्तच असतं.

या रक्ताची वाट कधी चुकते. मेंदूच्या आवरणातली धमनी केशवाहिन्या टाळून थेट शिरेला जोडली गेली, की पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी वसमतच्या हळदीला न मिळता ओढ्यात फुटावं, तसं होतं. शिरेवर दाब येतो, कधी ती फुटते. डॉक्टर बहुधा जांघेतून बारीक नळी वर नेतात आणि आत घट्ट होणारा द्रव सोडून ती वाट बुजवतात.

नाडीच्या ठेक्यावर कानात होणारी सूं-सूं या चुकलेल्या वाटेची खूण असू शकते. तशी होत असेल, तर तेल घालत बसू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.