शोलापूर की शोलावरम?

आमच्या मामूंचा एक फोटो आहे. पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा, एका कोपऱ्यात ओल लागून उडालेला. लोणावळ्याच्या पावसाळ्यात कागद इतकी वर्षं टिकला हेच खूप. फोटोत एक फियाट उभी आहे. तिच्या दारावर पांढऱ्या गोलात आकडा रंगवलाय. बॉनेटला टेकून, हातात पाना घेऊन मामू उभे आहेत. वय असेल पंचवीसच्या आसपास. मागे पेन्सिलीने उर्दूत दोन ओळी लिहिल्यात.

मामूंचं गॅरेज जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर होतं. घाट चढून आलेल्या गाडीचं रेडिएटर उकळत असे, क्लचचा वास येत असे. खंडाळा ओलांडून लोणावळ्यात शिरलं की ड्रायव्हर पहिलं गॅरेज शोधायचा. त्या उकळत्या रेडिएटरांवर मामूंचं घर चाललं, बहिणींची लग्नं झाली. आम्ही मुलं मात्र एकच गोष्ट ऐकत मोठी झालो: मामूंनी तरुणपणी शोलापूरच्या रेसमध्ये गाडी पळवली होती. हा फोटो म्हणजे त्याचा पुरावा.

मागच्या हिवाळ्यात मामेभाऊ हा फोटो घेऊन आमच्याकडच्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत गेला. ही मंडळी रविवारी सकाळी चहाला जमतात. कोणी निवृत्त बँकवाला, कोणी स्पेअर पार्ट्सचा दुकानदार, कोणी कॉलेजातला पोरगा. प्रत्येकाकडे रेसिंगचे जमवलेले फोटो. एक फोटो टेबलावर ठेवायचा आणि तासभर त्यावर भांडायचं. गाडी कुठली, साल कुठलं, टायर कुठल्या कंपनीचे, चालक कोण. मी मामेभावासोबत गेलो तो निव्वळ चहासाठी.

फोटो हातोहात फिरला. पुण्याहून आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सर, हे सोलापूर वाटत नाही. मागं बघा. ही विमानाची धावपट्टी आहे."

मामेभावाचा चेहरा उतरला.

धावपट्टीवरच्या शर्यती

त्या गृहस्थांच्या म्हणण्यात तथ्य होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर जगभर लष्करी धावपट्ट्या ओस पडल्या. सपाट, रुंद, लांबलचक फरशी आणि वापरायला कोणी नाही. मोटार शर्यतवाल्यांना आणखी काय हवं होतं? इंग्लंडचं सिल्व्हरस्टोन आज फॉर्म्युला वनची पंढरी मानली जाते. तेही मुळात युद्धकाळातलं हवाईदलाचं मैदान. 13 मे 1950 रोजी जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत तिथेच झाली.

आपल्याकडेही तसंच झालं. मोटारींच्या चढाओढी भारतात त्याआधीपासून होत्या. मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने 1904 मध्येच दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची परीक्षा घेतली होती. पण ती दूरच्या प्रवासाची कसोटी होती. गोल फिरून वेग मोजायची शर्यत रुजली ती धावपट्ट्यांवर. बंगालमध्ये बराकपूर, मद्रासजवळ शोलावरम. यातलं शोलावरम सगळ्यात नावाजलं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या. गोंडलचे महाराज तिथे धावले, कोइम्बतूरचे करिवर्धन धावले. देशभरातून गाड्या तिथे जात. पुढे 1990 च्या सुमारास इरुंगाट्टुकोट्टईचा खास बांधलेला ट्रॅक आला आणि शोलावरमचे दिवस संपले.

त्या गृहस्थांनी 'शोलावरम' हे नाव घेतलं आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मी फोटो उलटा केला.

उर्दूत 'शोलापूर' आणि 'शोलावरम' या दोन्ही शब्दांची सुरुवात सारखीच: शीन, वाव, लाम, अलिफ. पुढे एकात पे, वाव, रे. दुसऱ्यात वाव, रे, मीम. पेन्सिल पुसट झालेली, खालचे नुक्ते कोण बघतो? शिवाय आमच्या घरातल्या मंडळींनी शोलापूर पाहिलेलं, शोलावरम ऐकलेलंही नाही. डोळा ओळखीचा शब्दच वाचतो. मी वर्गात मुलांना रोज सांगतो की नुक्ता चुकला तर 'खुदा'चा 'जुदा' होतो. आणि स्वतःच्या मामूंच्या फोटोवरचे नुक्ते मी कधी मोजले नव्हते. त्या दिवशी मोजले. 'पे'चे तीन ठिपके नव्हते. शेवटच्या अक्षराची शेपटी सरळ खाली गेलेली होती. मीमच.

मामू मद्रासपर्यंत गेले होते. मामेभाऊ पुन्हा खुलला. पण खाली दुसरी ओळ होती. ती त्याला वाचून दाखवावी की नाही, हे मला कळेना.

चुकीच्या सालाचा प्रसिद्ध फोटो

फोटोखालची ओळ चुकली म्हणून लाजायचं कारण नाही. मोटार शर्यतीचा जगातला बहुधा सगळ्यात गाजलेला फोटो अनेक वर्षं चुकीच्या सालासह मिरवत होता.

जाक आंरी लार्तिग हा श्रीमंत घरातला फ्रेंच पोरगा. जन्म 1894 चा. गाड्या आणि विमानं यांचं वेड, हातात कॅमेरा. ग्रँड प्रीच्या रस्त्याकडेला उभं राहून त्याने एका धावत्या गाडीचा फोटो घेतला. गाडीसोबत कॅमेराही फिरवला. त्या कॅमेऱ्याचा पडदा उभ्या दिशेने सरकत असे, म्हणजे एकाच फोटोचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या क्षणी टिपला जाई. झालं असं की गाडीचं चाक अंड्यासारखं लांबट होऊन पुढे कललं, आणि कडेचे खांब व माणसं उलट्या बाजूला कलली. लार्तिगला वाटलं, फोटो वाया गेला. त्याने तो बाजूला ठेवला. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं आणि सत्तरीला टेकलेला हा माणूस जगाला कळला. आज वेग कसा दिसतो हे सांगायचं असेल तर तोच बिघडलेला फोटो दाखवतात.

हा फोटो 1912 च्या ग्रँड प्रीचा म्हणून छापला जात होता. पुढे अभ्यासकांनी आणि हौशी लोकांनी गाडीवरचा 6 हा आकडा धरून जुन्या नोंदी तपासल्या. गाडी श्नायडर कंपनीची निघाली, चालक क्रोके आणि शर्यत 1913 ची, आमियाँ इथली. फोटो काढणाऱ्याच्या आठवणीपेक्षा गाडीवरचा आकडा खरा ठरला.

त्या फोटोत गाडीत दोन माणसं आहेत. त्या काळी ग्रँड प्रीच्या गाडीत चालकाशेजारी मिस्त्री बसत असे. टायर फुटला, तेल कमी झालं, मागून कोणी आलं, सगळं त्याने बघायचं. 1920 च्या दशकात ही पद्धत बंद होईपर्यंत मरणाचा धोका दोघांनाही सारखाच होता. फोटोखाली मात्र नाव येतं ते चालकाचं.

फोटो सांगत नाही ते

रविवारच्या त्या टेबलावर आणखी दोन फोटो होते. एक 19 जून 2005 चा, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा. शर्यत सुरू होतेय आणि ट्रॅकवर फक्त सहा गाड्या. टायर सुरक्षित नाहीत म्हणून बाकीच्या चौदा गाड्या आत निघून गेल्या होत्या. त्या सहांत आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. कॉलेजातला पोरगा म्हणाला, "सहांत चौथा, त्यात काय?" दुकानदार चिडला, "उरलेले पळाले त्यात त्याचा काय दोष?" दोघांचंही ऐकण्यासारखं होतं. फोटो खरा आहे, आकडाही खरा आहे, तरी गोष्ट सांगावी लागतेच.

दुसरा 1957 चा, इटलीतल्या मिल्ले मिलिया शर्यतीचा. रोममध्ये थांबलेल्या फेरारीत अल्फोन्सो दे पोर्तागो हा स्पॅनिश सरदारपुत्र बसलाय आणि लिंडा ख्रिश्चन ही नटी वाकून त्याचं चुंबन घेतेय. पुढे काही तासांनी, ग्विदित्सोलो गावाजवळ टायर फुटला. पोर्तागो गेला, शेजारी बसलेला त्याचा जोडीदार एडमंड नेल्सन गेला आणि रस्त्याकडेला शर्यत बघायला उभी असलेली नऊ माणसं गेली. त्यात पाच लहान मुलं होती. मिल्ले मिलिया ही खुल्या रस्त्यावरची वेगाची शर्यत त्यानंतर कायमची बंद झाली. चुंबनाचा फोटो जगभर गेला. ती पाच मुलं कोण होती, हे त्या टेबलावरच्या एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही.

मी शिक्षक आहे, म्हणून मला तिथे माझा वर्ग दिसला. आमच्या शाळेतली मोठी मुलं दुचाकी घेऊन घाटात जातात, वळणावर गुडघा टेकवायचा प्रयत्न करतात, मित्र कडेला उभा राहून मोबाइलवर टिपतो. वेगाची हौस असेल तर त्यासाठी बंदिस्त जागा आहेत. आपल्याच तालुक्यालगत अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यती झाल्या आहेत. पुन्हा धावपट्टीच! तिथे रुग्णवाहिका असते, हेल्मेटची तपासणी होते. घाटात समोरून येतो तो भाजीचा टेम्पो आणि त्यात बसलेलं कोणाचं तरी लेकरू. आता वर्गात हे सांगताना मी उपदेश करत नाही. फक्त तो चुंबनाचा फोटो दाखवतो आणि विचारतो, यात कोण कोण दिसत नाही?

आपल्या घाटाचे फोटो

नावं न लागण्याची ही रीत आपल्या बोरघाटाला नवी नाही. घाटातून चाकाच्या गाड्यांचा रस्ता 1830 मध्ये खुला झाला. श्रेय गव्हर्नर जॉन माल्कमच्या नावावर. रेल्वेचं काम 1856 ते 1863 असं चाललं. 25 बोगदे, आणि गाडीला उलट दिशेने वळवायचं ते प्रसिद्ध रिव्हर्सिंग स्टेशन. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारपणात गेला. त्याची बायको ॲलिस परत गेली नाही. तिने ठेका पुढे चालवला आणि कामाचे फोटोही काढले. आपल्या घाटाच्या सुरुवातीच्या फोटोकारांत एक विधवा बाई आहे, हे आपल्या किती मुलांना माहीत असेल? कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते. कॉलरा आणि सुरुंगांनी त्यातले कितीतरी नेले. फोटोत ते ठिपक्यांसारखे दिसतात. नाव एकाचंही नाही.

एक नाव तेवढं राहिलं. शिंग्रोबा. घाटाची वाट इंग्रजांना या धनगराने दाखवली आणि त्याच्या बदल्यात त्याला मरण मिळालं, असं लोक सांगतात. त्याचा फोटो नाही, कागदही नाही. पण जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे आणि ट्रकवाला तिथे वेग कमी करून नाणं टाकतो. मामूंनी पाठवलेली गाडी खोपोलीकडे उतरायची तेव्हा ते ड्रायव्हरला म्हणत, "शिंग्रोबाको सलाम करके जा." कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाट दाखवणाऱ्याचं नाव ड्रायव्हरांनी जपलं.

दुसरी ओळ

तर फोटोमागची ती दुसरी ओळ. मामूंच्या वळणदार हस्ताक्षरात: "गाडी सेठ की, इंजन मेरा."

म्हणजे मामूंनी शर्यतीत गाडी पळवली नव्हती. त्यांनी ती बांधली होती. कोणा शेटजींच्या गाडीचं इंजिन खोलून, घासून, पुन्हा जुळवून तिला मद्रासच्या धावपट्टीपर्यंत नेऊन उभं केलं होतं. हातात स्टिअरिंगऐवजी पाना का, याचं उत्तर तेच होतं. आम्ही इतकी वर्षं पाना बघत होतो आणि शर्यतवाला म्हणत होतो.

परतताना मी मामेभावाला ओळ वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाईजान, हे घरात सांगायचं?" त्याची अडचण मला कळत होती. बाप रेसर होता हे तो पोरांना सांगत आला होता.

संध्याकाळी आम्ही मुमानींकडे गेलो. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे. त्यांनी फोटो हातात घेतला, डोळ्यांपाशी नेला. "रेस कधी खेळले ते?" त्या म्हणाल्या. "महिनाभर रात्र-रात्र गॅरेजात होते. हाताचं काळं ईदपर्यंत निघालं नव्हतं. मग तुम्ही पोरं म्हणायला लागलात, अब्बांनी गाडी पळवली. ते हसायचे. मी पण हसायचे."

मामूंनी आम्हाला कधीच खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी खरं लिहून ठेवलं होतं, सही करावी तसं. आम्हालाच ते वाचता आलं नाही. माझ्या मामेभावाच्या मुलांना उर्दू येत नाही आणि अशा किती घरांत, किती फोटोंच्या पाठीवर अशा ओळी पुसट होत असतील, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

वाचकहो, एक विनंती करतो. घरातले जुने फोटो काढा. पुढची बाजू सगळेच बघतात, मागची बघा. लिपी कळत नसेल तर वाचणारा शोधा. उर्दू असेल तर मी आहे, मोडी असेल तर तिचेही जाणकार आहेत. जे लिहिलंय त्याचा फोटो घ्या आणि जिवंत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून साल, गाव, नावं लिहून ठेवा. नावं सगळ्यांची लिहा, पाना धरणाऱ्याचंही.

मामेभावाने फोटो आता फ्रेम करून दुकानात लावलाय. त्याने खाली मराठीत पट्टी लिहून मागितली, मी लिहून दिली: शोलावरम, मद्रास. गाडी शेटजींची, इंजिन अब्बांचं.