तेर (प्राचीन तगर)

तेर : महाराष्ट्रातील धाराशिव (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या धाराशिव तालुक्यातील प्राचीन नगर व आजचे गाव. बालाघाटच्या पठारी मुलखात ते तेरणा नदीकाठी वसले आहे. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. प्राचीन साधनांत या नगराचा उल्लेख तगर किंवा तगरपूर असा येतो. जैन परंपरा त्याला तेरापूर म्हणते, तर स्थानिक माहात्म्यात सत्यपुरी हे नावही आहे. कोकण किनारा इथून सरळ रेषेतही तीनशे किलोमीटरहून लांब आहे. असे असूनही तेर इतिहासात गाजले ते दर्यावर्दी व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या एका ग्रीक पुस्तिकेमुळे. मात्र तो व्यापार हा तेरच्या इतिहासाचा एक टप्पा झाला. वस्ती त्याच्या आधीपासून होती आणि व्यापार ओसरल्यावरही ती मोडली नाही.

ग्रीक साधनांतील तगर

‘पेरिप्लस ऑफ दि एरिथ्रियन सी’ ही पुस्तिका इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिली. त्याचे नाव उपलब्ध नाही. तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंत कोणत्या बंदरात काय मिळते आणि काय खपते, याची माहिती तीत आहे. बारिगाझा म्हणजे भडोचच्या संदर्भात लेखक दख्खनमधील दोन मोठ्या बाजारपेठांची नावे सांगतो. पैठण भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर, तर तगर पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर. तगर हे फार मोठे नगर असल्याचेही तो नमूद करतो. पैठणहून गोमेदासारखे दगड, तर तगरहून साधे कापड, तऱ्हतऱ्हेची मलमल आणि मोलोखिना नावाचे वस्त्र भडोचला जाई. हा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांनी न्यावा लागे.

कोकणातली बंदरे जवळ असताना माल एवढ्या लांब का जाई, याचे एक कारण याच ग्रंथात सापडते. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे ते सांदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या हाती गेले आणि तिथल्या व्यापारात अडथळे आले. चुकून तिकडे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातील सत्तास्पर्धेचा हा परिणाम असावा, असे अभ्यासक मानतात. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी यानेही तगरची नोंद केली आहे.

स्थाननिश्चिती

तगर नेमके कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. विल्फर्ड यांनी ते देवगिरी मानले, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर, तर रा. गो. भांडारकर यांनी धारूर. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून तेरच्या बाजूने कौल दिला आणि तो पुढे सर्वमान्य झाला. नावातील साम्याबरोबरच अंतरांचा हिशेब त्यांना महत्त्वाचा वाटला. भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर आहे आणि पैठण ते तेर सुमारे १५०. वीस आणि दहा दिवसांनी भागले तर दोन्ही टप्प्यांत दिवसाकाठी १५ ते १८ किलोमीटर पडतात. लादलेल्या बैलगाडीला ही चाल साजेशी आहे. दिशा मात्र तंतोतंत जुळत नाही. तेर पैठणच्या पूर्वेला नसून आग्नेयेकडे, त्यातही दक्षिणेला अधिक झुकलेले आहे. लेखकाने हा आतला मुलूख स्वतः पाहिला नसून भडोचमध्ये ऐकलेली माहिती लिहिली असावी, असे मानले की हा फरक समजण्याजोगा ठरतो.

संशोधन व उत्खनने

फ्लीट यांच्या सूचनेवरून पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी तेरची पाहणी केली. त्यांचा सचित्र वृत्तान्त खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात आहे. त्या वेळी हा भाग निजामाच्या राज्यात होता. गावाभोवती पांढरीच्या अनेक टेकड्या आहेत. बैराग टेकडी आणि कोट टेकडी या त्यांपैकी प्रमुख. पांढर म्हणजे शतकानुशतकांच्या वस्तीने साचलेली राखट माती. मराठवाड्यात घराच्या भिंतींसाठी आणि धाब्यावर घालायला हीच माती नेतात. त्यामुळे टेकड्यांची झीज झाली आणि त्याच खणण्यातून असंख्य जुन्या वस्तूही वर आल्या.

पहिले पद्धतशीर उत्खनन १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी केले. त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहनपूर्व काळापासूनचे वस्तीचे थर त्यातून स्पष्ट झाले. १९६६ ते १९६८ दरम्यानच्या उत्खननात विटांचा मोठा स्तूप उघडा पडला. त्याचा पाया चाकाच्या आऱ्यांप्रमाणे रचला असून आऱ्यांमधल्या पोकळ्या मातीने भरल्या होत्या. ही पद्धत आंध्रातील स्तूपांशी नाते सांगते. याच कामात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याचे नाणे मिळाले. टॉलेमीने पैठणचा राजा म्हणून ज्याचे नाव ग्रीक वळणाने दिले आहे, तो हाच पुळुमावी समजला जातो. ग्रीक भूगोल आणि तेरची माती इथे एकमेकांना दुजोरा देतात. पुढे १९७० च्या दशकात आणि त्यानंतरही अधूनमधून उत्खनने झाली.

परदेशी वळणाच्या वस्तू

तेरला सापडलेल्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या मूर्ती प्रसिद्ध आहेत. त्या दुहेरी साच्यात घडवलेल्या आहेत. पुढचा आणि मागचा भाग वेगळा ठसवून ओल्या मातीने जोडायचा आणि मग भाजायचा, अशी ही रीत. नीट पाहिले तर कानामागून खाली उतरणारी जोडाची रेघ काही मूर्तींवर दिसते. हे तंत्र रोमन जगातून आले असावे, असा तर्क आहे. स्त्रियांचे केशभूषण, जाड कर्णफुले आणि चेहऱ्याची गोलाई मात्र अस्सल दख्खनी आहे. रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेल्या मातीच्या चकत्याही मिळतात. ओवण्यासाठी सोय असलेल्या या चकत्या दागिना म्हणून वापरल्या जात. याशिवाय रोमन घाटाचे दिवे, काचेचे व मौल्यवान दगडांचे मणी आणि शंखाच्या बांगड्या विपुल आहेत.

सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे दागिन्यांनी मढलेल्या स्त्रीची हस्तिदंती मूर्ती. ती चहूबाजूंनी कोरलेली असून आरशाची मूठ असावी. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ मध्ये याच धाटणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तेर आणि भोकरदन येथील मूर्तींशी तिचे साम्य ध्यानात घेऊन ती दख्खनमध्येच घडली असावी, असे मत मांडले गेले आहे. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर असल्याने तिचे मूळ वायव्येकडे शोधणारेही आहेत. यावरून एक सावधगिरी घ्यावी लागते. तेरमध्ये रोमन वळण दिसते म्हणून तिथे ग्रीक किंवा रोमन लोकांची वसाहत होती असे ठरत नाही. यांतल्या पुष्कळ वस्तू परदेशी नमुने पाहून स्थानिक कारागिरांनी केलेल्या आहेत.

विटांची मंदिरे

गावातील त्रिविक्रम मंदिर हे महाराष्ट्रातील उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक होय. त्याचा गाभा गजपृष्ठाकार आहे, म्हणजे मागची बाजू अर्धगोल आणि वर कमानदार पाठीचे छत. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा आहे. कझिन्स यांनी मूळ वास्तू बौद्ध चैत्य ठरवली. काही अभ्यासक मात्र ती पहिल्यापासून ब्राह्मणी मंदिर असल्याचे मानतात. लेण्यांतील चैत्यगृहे आपण डोंगर कोरून केलेली पाहतो, तसा आकार इथे विटांत बांधलेला आढळतो. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे याचे जवळचे उदाहरण.

उत्तरेश्वर आणि काळेश्वर ही मंदिरेही विटांचीच आहेत. उत्तरेश्वराची कोरीव लाकडी द्वारचौकट आता संग्रहालयात ठेवली आहे. एवढ्या जुन्या काळातील लाकूडकाम भारतात क्वचितच टिकले आहे. तेरच्या जुन्या विटांपैकी काही इतक्या हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात. मातीत मिसळलेला तूस भट्टीत जळून जातो आणि वीट सच्छिद्र होते, हे त्याचे कारण.

व्यापारानंतरचे तेर

तिसऱ्या शतकात सातवाहन सत्ता संपली, रोमशी चालणारा व्यापारही मंदावला आणि तगरची भरभराट ओसरली. तरी नगराचा लौकिक टिकून राहिला. दुसऱ्या पुलकेशीच्या इ. स. ६१२ च्या सुमाराच्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी आहे. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. त्यांची सत्ता दूरवर असली तरी मूळ गावाची प्रतिष्ठा ते बिरुदात मिरवत राहिले. मुनी कनकामर याच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांची कथा आहे. ती लेणी म्हणजे धाराशिवची लेणी असे मानले जाते. गावात महावीराचे जुने जैन मंदिर आहे.

यादवकाळात तेर वारकरी परंपरेत आले ते संत गोरा कुंभार यांच्यामुळे. परंपरेनुसार त्यांचा काळ इ. स. १२६७ ते १३१७. थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरवल्याची आख्यायिका त्यांच्याच घरची. त्यांचे समाधिमंदिर काळेश्वराजवळ आहे. चैत्र वद्यात येथे यात्रा भरते आणि आज तेरला येणाऱ्यांत भाविकच बहुसंख्य असतात.

संग्रहालय व आजची स्थिती

गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी पावसाने धुऊन निघालेल्या, नांगराला लागलेल्या आणि पांढर खणताना मिळालेल्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. वीस हजारांवर गेलेला हा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यांच्या नावाने शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय उभे राहिले. संग्रह मोलाचा असला तरी त्यातील बहुतेक वस्तूंचा मूळ थर अज्ञात आहे. त्यामुळे त्यांचा काळ शैलीवरून ठरवावा लागतो. आजवरच्या उत्खननांनी प्राचीन नगराचा लहानसाच भाग पाहिला आहे आणि उरलेला घरांखाली व शेतांखाली आहे. व्यापारी पेठ, विणकरांची वस्ती आणि रस्त्यांची आखणी कळायची तर पांढरीच्या शाबूत टेकड्या आधी राखाव्या लागतील. तेरला धाराशिवहून रस्त्याने जाता येते.