कसूर

* कसूर : अरबीतून फारसीमार्गे मराठी दफ्तरात आलेला शब्द. या पुस्तकात लेखकाने ‘कसूर’, ‘हयगय’ आणि ‘अकृती’ सरमिसळ वापरले आहेत. बोलण्यात ते चालते, कोर्टात नाही. हयगय म्हणजे काम केले, पण पुरेशी काळजी घेतली नाही. अकृती म्हणजे काम केलेच नाही. मात्र प्रत्येक अकृती गुन्हा नसते. भारतीय दंड संहिता, 1860 च्या कलम 32 नुसार ‘कृती’ या शब्दात ‘बेकायदेशीर अकृती’ही मोडते, सगळी मदार ‘बेकायदेशीर’ या विशेषणावर आहे. बुडणाऱ्या अनोळखी माणसाकडे काठावरून पाहत राहिलेला वाटसरू निर्दय खरा, पण एवढ्यावरून गुन्हेगार ठरत नाही. पोटच्या लेकराला जाणूनबुजून उपाशी ठेवून मरू देणारा बाप ठरतो, कारण त्याच्यावर कायद्याने कर्तव्य आहे. 1 जुलै 2024 पासून संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तत्त्व तेच राहिले.

‘कर्तव्यात कसूर’ हा मात्र सरकारी नोकरीतला शब्दप्रयोग. तिथे विलंबही त्यात येतो : महाराष्ट्राच्या 2005 च्या बदल्या व विलंब-प्रतिबंध अधिनियमाप्रमाणे कर्मचाऱ्याने साधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त काळ फाईल अडवून ठेवायची नाही. पुस्तकात जिचा उल्लेख येतो ती फाईल या कायद्याच्या आधीची आहे. — संपादक