खेळूक की ठेवूक?

कुरुमच्या आमच्या घरात, दिवाणखान्यात शिरल्याबरोबर डाव्या हाताला काचेचे एक कपाट आहे. घरी येणारा पाहुणा आधी ते कपाट पाहतो, मग माझ्याकडे पाहतो, आणि दोन्हींची सांगड घालताना बिचारा जरा गोंधळतो. कपाटात पुस्तके नाहीत, चांदीची भांडी नाहीत, मत्राहच्या बाजारातला ओमानी खंजीरही नाही. आहेत त्या जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी. १९८३ साली जपानमध्ये निघालेल्या निन्तेन्दोच्या फॅमिकॉमच्या, सेगाच्या, आणि त्याच फॅमिकॉमची नक्कल करून आपल्याकडे ‘सामुराई’ नावाने जे यंत्र विकले जाई त्याच्या. मोजून २१२.

आमच्या कन्येने एकदा सहज विचारले, “बाबा, यातल्या तुम्ही या वर्षी किती खेळलात?” मी मनातल्या मनात मोजले. तीन. त्यातली एक चालू होते की नाही हे पाहण्यापुरती.

वाचकहो, हा आकडा मला बरेच दिवस टोचत होता. तसा हा रोग जुना आहे. २००७ च्या जून महिन्यात गोनू वादळ मस्कतवर आले, तेव्हा मी इथे नवाच होतो. वादीचे पाणी कुरुमच्या बाजारपेठेत कसे शिरले ते इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. आमच्या तळमजल्यावरच्या जागेतही गुडघाभर पाणी आले आणि लहानपणच्या कॅसेटींचे खोके त्यात दोन दिवस पडून राहिले. पुढे मी एकेक कॅसेट उघडली, आतली पट्टी स्पिरिटने पुसली, वाळवली. बहुतेक सगळ्या चालल्या! पण मला त्याचा आनंद झाला का? छे. वरची रंगीत लेबले सोलून निघाली म्हणून मी आठवडाभर हळहळत होतो. खेळ शाबूत होता आणि मी कागदासाठी सुतक पाळत होतो. त्यानंतर मी लेबले शाबूत असलेल्या कॅसेटी शोधू लागलो, आणि हळूहळू त्या न उघडताच कपाटात जाऊ लागल्या.

परवाच्या मे महिन्यात रजेवर गेलो तेव्हा आजोळी, सावंतवाडीजवळ, चार दिवस राहिलो. राजवाड्यात जाऊन दशावतारी गंजिफाचा एक संच विकत घेतला. गोल, हाताने रंगवलेली पाने, रंगवलेल्या लाकडी पेटीत. घरी येऊन थोरल्या मामांना दाखवला. मामांचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी चष्मा लावला, मत्स्याचे एक पान उजेडात धरून पाहिले आणि विचारले, “खेळूक घेतलंस की कपाटात ठेवूक?”

मी गप्प. मामांना माझ्या कुरुमच्या कपाटाची काहीच माहिती नव्हती.

गंजिफाची कथा आपल्यापैकी पुष्कळांना अर्धीमुर्धी ठाऊक असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हा शब्द फारसी वळणाचा. ‘गंज’ म्हणजे खजिना, त्यावरून तो आला असे मानतात. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद खुद्द त्याच्या आत्मचरित्रात आहे, कारण शाह हसनला हा खेळ आवडे आणि त्याने तो मागितला होता. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’मध्ये बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या संचाचे वर्णन केले आहे. त्यातला पहिला राजा अश्वपती, दुसरा गजपती, तिसरा नरपती, आणि हा नरपती विजापूरच्या राजासारखा, असेही तो सांगतो. पुढे जास्त रूढ झाला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली संच: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि कुमाश.

आपल्या लोकांनी काय केले, तर त्या आठ रंगांच्या जागी दहा अवतार बसवले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. एकूण १२०. माशाच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवे, वामनाच्या कमंडलू, परशुरामाच्या परशू. बादशाही दरबारातला खेळ देवघराच्या शेजारी असा येऊन बसला की आजीनेही ‘पत्ते कुटतात मेले’ असे म्हणू नये. सावंतवाडीत तो तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तेलंगणातून आलेल्या शास्त्रीमंडळींबरोबर आला असे सांगतात. रंगवणारे ते चितारी. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, गोल कापायचे, रंगवायचे आणि वरून लाखेचा हात द्यायचा.

आणि खेळ? खेळ मोठा बेरका. तिघांनी खेळायचा, प्रत्येकाला ४० पाने. गोल पाने आपल्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, म्हणून चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवायची. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची, रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा असेल त्याने. आपल्या पत्त्यांतला हुकमाचा रंग इथे नाही. पाच रंगांत राजा आणि प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा आणि दश्शी लहान. एखाद्या रंगातली वरची पाने निघून गेली की उरलेल्यांतले सर्वांत वरचे पान राजा होते. ते कुठले, हे दहाही रंगांत सतत ध्यानात ठेवायचे. सगळा खेळ स्मरणशक्तीचा. माझी डॉक्टरेट संगणकाच्या स्मृतीवरची आहे; पण मामांच्या ओटीवर मी चौथ्याच हाताला वराहाचा प्रधान पडून गेल्याचे विसरलो. मामा नुसते हसले.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून छापील बावन्न पाने स्वस्तात येऊ लागली आणि हाताने रंगवलेल्या गंजिफाचे दिवस भरले. नवा खेळ सोपा, चौघांचा, आणि पान हरवले तर दुसरा जोड घेता येई. चितारी लाकडी खेळण्यांकडे आणि फळांकडे वळले. १९७० च्या दशकाच्या आरंभी सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी चौकशी सुरू केली, तेव्हा ही कला नीट येणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. राजा-राणी त्यांच्याकडून शिकले, राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले, आणि पाने पुन्हा रंगू लागली. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या, शेवटपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही. माझ्या मते कोकणातल्या कलेवरचे हे फार मोठे ऋण आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. पुन्हा उभी राहिली ती पाने. ती घेऊन कोण जातात? माझ्यासारखे रजेवर आलेले लोक, परदेशी प्रवासी, संग्राहक. आता तिथे बावन्न पानांचे गोल संचही रंगवतात, कारण गिऱ्हाइकाला निदान तो खेळ येत असतो! ओरिसात, जिथे याच खेळाला गंजपा म्हणतात, तिथे म्हाताऱ्या मंडळींत खेळ बराच काळ टिकला. आपल्याकडे चितारी वाचला, खेळगडी मात्र पांगले.

म्हणून संग्राहकाला नावे ठेवावीत का? मला तसे वाटत नाही, आणि हे केवळ स्वतःच्या बचावासाठी म्हणत नाही. पुण्याचे दिनकर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे, १९२० च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, दौती, दारे, वाद्ये गोळा करत हिंडले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय केले आणि १९७५ मध्ये सारे सरकारच्या हवाली केले. वीस हजारांवर वस्तू, त्यातल्या अडीचेक हजारच मांडलेल्या. त्या अडकित्त्यांनी आज कोणी सुपारी कातरत नाही हे खरे. पण केळकर नसते तर ते मोडीत जाऊन वितळले असते. तसाच रुडॉल्फ फॉन लायडन. हा जर्मन गृहस्थ १९३३ मध्ये मुंबईत आला, वर्तमानपत्रात चित्रकलेवर लिहू लागला, आपल्या तरुण चित्रकारांच्या पाठीशी उभा राहिला आणि जन्मभर गंजिफा गोळा करत राहिला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या गंजिफांवरचे त्याचे पुस्तक १९८२ चे. दुसऱ्या वर्षी तो वारला. पाने पाहताना ती खेळत कशी असत हे विचारणारा हा संग्राहक होता, आणि मला तो आवडतो तो त्यासाठीच.

आता माझ्या कॅसेटींकडे वळतो, कारण त्यांचे आणि पत्त्यांचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. आपल्या मस्कतचे मिरानी आणि जलाली किल्ले ज्या पोर्तुगीजांनी बांधले, ते १५०७ पासून १६५० पर्यंत इथे होते. त्याच पोर्तुगीजांची जहाजे १५४३ नंतर जपानला जाऊ लागली आणि त्यांच्याबरोबर पत्तेही गेले. जपानी भाषेत पत्त्यांना ‘कारुता’ म्हणतात तो पोर्तुगीज शब्दच. पुढे तिथे फुलांची चित्रे असलेले ‘हानाफुदा’ पत्ते निघाले, आणि ते हाताने बनवून विकण्यासाठी १८८९ मध्ये क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी एक दुकान काढले. त्या दुकानाचे नाव निन्तेन्दो! म्हणजे माझ्या कपाटातल्या कॅसेटींचा मूळ पुरुषही चितारीच म्हणायचा.

कॅसेटीचे आयुष्य मात्र लाखेच्या पानापेक्षा लबाड. बाहेरून वर्षानुवर्षे नवी दिसते. पण ‘झेल्डा’सारख्या खेळाच्या कॅसेटीत आपण कुठवर आलो ते लक्षात ठेवण्यासाठी आत बटणाएवढा सेल असतो. तो दोन-तीन दशकांत संपतो आणि खेळणाऱ्याची सगळी मजल पुसली जाते. कपाटात ठेवून तो वाचत नाही. उघडून, जुना सेल काढून, नवा डाग देऊन बसवावा लागतो. तरी बाजार उलटेच सांगतो. २०२१ च्या जुलैमध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक कॅसेट लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, का, तर ती कधी कुणी उघडलीच नव्हती. ज्या दिवशी कोणी ती खेळेल त्या दिवशी तिची किंमत जाईल. खेळाच्या साधनाची याहून चमत्कारिक अवस्था मला ठाऊक नाही.

मामांकडे मी चार दुपारी बसलो. त्यांनी वाटणे शिकवले, उतारी शिकवली, कुठले पान कधी सोडायचे ते शिकवले. मी सगळे वहीत लिहीत होतो. चौथ्या दिवशी विचारले, डाव संपल्यावर ज्याचे हात कमी झाले त्याने पुढच्या डावात काय द्यायचे? मामांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “ता बाबा सांगी. माका नाय आठवणा.” त्यांच्या वडिलांच्या ओटीवर पावसाळ्यात रोज तिघे बसत. मामा तेव्हा लहान होते, पाने कालवायला त्यांना घेत, हिशेबाला नाही. त्या तिघांपैकी आता कोणी नाही. वहीतली तेवढी जागा मी कोरी ठेवली आहे.

इथे परत आल्यावर पेटी कपाटात, मारिओच्या शेजारी, काचेआड ठेवली होती. छान दिसत होती. पंधरा दिवसांनी, एका शुक्रवारी, बाहेर ४४ अंश असताना, कन्येने ती काढली आणि दिवाणखान्यात चादर पसरली. “तिघे लागतात ना? आई, ये.” मी “हात धुवा, चहा लांब ठेवा,” असे काहीबाही बोललो. कोणी ऐकले नाही. दिवस होता, रामाचा राजा सौभाग्यवतींकडे निघाला. हिशेबाचा नियम कन्येने तिथल्या तिथे स्वतःच ठरवला: ज्याचे हात कमी, त्याने चादर झटकायची आणि पुढच्या डावाला पाने कालवायची. तो नियम मामांच्या वडिलांचा नाही हे मी तिला सांगितले. “मग काय झाले? आमचा आहे,” म्हणाली.

तिसऱ्या डावात कूर्माच्या पंजीवर चहाचे वर्तुळ उमटले. लाख असल्याने बरेचसे पुसले गेले, पण पाचव्या कासवाच्या पाठीवर पिवळी कड राहिलीच. आता ते पान पालथे असले तरी आम्हा तिघांनाही ओळखता येते, कारण पुसताना मागच्या बाजूलाही थोडा ओरखडा आला. त्यामुळे खेळात लबाडी होते अशी सौभाग्यवतींची तक्रार आहे, आणि त्या पानापुरता नवा नियम करावा की राजवाड्याकडून एक सुटे पान मागवावे, यावर पुढच्या शुक्रवारी बोलायचे ठरले आहे.