केस सरळ करणारी रसायने : सौम्यतेच्या दाव्यांचा इतिहास

केसाचे वळण टिकते ते केराटिन या प्रथिनातील गंधकाच्या बंधांमुळे. पाणी व उष्णता केवळ हायड्रोजन बंध सैल करतात. म्हणून इस्त्रीने सरळ झालेले केस दमट हवेत पुन्हा वळतात. वळण कायमचे काढायचे, तर गंधकाचे बंधच तोडावे लागतात. ते तोडणारे प्रत्येक नवे रसायन आधीच्यापेक्षा सौम्य म्हणून विकले गेले. दोष मात्र नाहीसा झाला नाही. त्याने जागा बदलली.

या उद्योगाचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात आहे. क्लीव्हलँडचे संशोधक गॅरेट मॉर्गन यांनी १९१३ मध्ये केस सरळ करणाऱ्या मलमाची कंपनी काढली. तेथे कुरळ्या केसांमुळे नोकरी नाकारली जाई. केसांवरून होणाऱ्या अशा भेदभावाला कॅलिफोर्नियाने कायद्याने मनाई केली ती थेट २०१९ मध्ये. त्यामुळे ही निवड निव्वळ हौसेची कधीच नव्हती.

सुरुवातीची मलमे कॉस्टिक सोड्याची. अल्कलीने काय घडते, हे उलगडले लोकरीवरून. १९४१ मध्ये हॉर्न, जोन्स व रिंगेल यांनी सोडियम कार्बोनेटची प्रक्रिया केलेल्या लोकरीतून लॅन्थिओनिन वेगळे केले. बंधातील दोन गंधक अणूंपैकी एक कायमचा निघून गेलेला असतो; हा बदल उलटवता येत नाही. थायोग्लायकोलेटचा मार्ग वेगळा आहे. तो बंध उघडतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ते नव्या आकारात पुन्हा जोडते. भारतीय पार्लरमधील ‘रिबाँडिंग’ सामान्यतः हेच असते. एका प्रकारावर दुसरा वापरल्यास केस तुटतात, ते या भेदामुळे.

कॉस्टिक सोडा टाळूची त्वचा भाजतो, म्हणून ‘नो-लाय’ मलमे आली. त्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड व ग्वानिडीन कार्बोनेट ऐनवेळी मिसळतात. टाळूची आग कमी होते. पण कॅल्शियमचे क्षार केसांवर साचून ते राठ होतात. शिवाय कोणतीही तीव्र अल्कली केसावरील नैसर्गिक स्निग्ध थर काढून टाकते. असा केस पाणी चटकन शोषतो आणि तितक्याच चटकन गमावतो. येथे ओलावा राखणे म्हणजे पाणी लावणे नव्हे, ते अडवून धरणे होय. नारळाच्या तेलाने केसांतील प्रथिनांची झीज घटते आणि सूर्यफूल व खनिज तेलाने ती घटत नाही, असे आरती रेळे व आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये दाखवले. हे संशोधन नारळाचे तेल विकणाऱ्या मुंबईच्या मॅरिको कंपनीत झाले, हेही लक्षात ठेवावे. तुटलेले बंध मात्र कोणतेही तेल जोडत नाही.

त्यानंतर ‘केराटिन ट्रीटमेंट’ आली. ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ अशी चिठ्ठी असलेल्या काही उत्पादनांतूनही हा वायू सुटतो, असा इशारा अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने २०११ मध्ये दिला. त्याला पर्याय म्हणून ग्लायऑक्झिलिक आम्ल पुढे आले. २०२४ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी अशा उपचारांनंतर एका तरुणीच्या मूत्रपिंडाला तीन वेळा इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. उंदरांच्या त्वचेवर हे आम्ल लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्सलेटचे स्फटिक आढळले.

‘स्मूदनिंग’, ‘बोटॉक्स’, ‘नॅनोप्लास्टिया’ ही पार्लरच्या फलकावरील नावे रसायन सांगत नाहीत. ते बाटलीवरील घटकांच्या यादीत असते. निवड तेथूनच सुरू व्हावी.