भातखाचरापासून गिरणीपर्यंत : मुंबई बेटातील जमिनीचे रूपांतर

मुंबईच्या जडणघडणीचे वर्णन करताना सात बेटे, त्यांच्यामधील खाड्या, त्या खाड्यांवर घातलेले बांध आणि त्यातून उभे राहिलेले औद्योगिक महानगर असा क्रम सर्वसाधारणपणे सांगितला जातो. या क्रमात समुद्र हटतो आणि त्याच्या जागी थेट गिरणी किंवा गोदी उभी राहते. प्रत्यक्षात या दोन अवस्थांच्या मध्ये शेत होते. आज जो भाग गिरणगाव म्हणून ओळखला जातो, त्याचा बराचसा सखल प्रदेश समुद्रापासून मिळवला गेला तो कारखान्यांसाठी नव्हे, तर प्रामुख्याने भातासाठी आणि निवाऱ्यालायक हवेसाठी. ही मधली अवस्था वगळली की गिरण्यांना जमीन कोठून व कोणत्या हक्काने मिळाली, या प्रश्नाचे उत्तर हाती लागत नाही.

स्थलनामांनी ही अवस्था कागदपत्रांपेक्षा अधिक निष्ठेने जपली आहे. गिरगावातील मुगभाट, बोरभाट, खेतवाडी, फणसवाडी, तसेच भायखळ्याजवळील आगरीपाडा ही नावे शेतीच्या भूगोलातून आलेली आहेत. यातील ‘भाट’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. गोव्यात तो आजही माडांच्या बागाईतीसाठी वापरला जातो आणि तिच्या मालकाला ‘भाटकार’ म्हणतात; मुंबईत मात्र तो केवळ गल्लीच्या पाटीपुरता उरला. पोर्तुगीज ‘ओर्ता’ या शब्दापासून बनलेला ‘ओर्ट’ हा शब्दही इंग्रजी दस्तऐवजांत दीर्घकाळ टिकून होता. त्याला मराठी प्रतिशब्द होता वाडी.

सतराव्या शतकातील मुंबईची जमीन स्थूलमानाने तीन प्रकारची होती. उंचवट्याच्या कडेने आणि वाळूच्या पट्ट्यांवर माडांच्या वाड्या होत्या. माहीम व गिरगाव ही त्यांची मुख्य स्थाने. या वाड्यांवर भंडारी समाजाचा माडी काढण्याचा व्यवसाय अवलंबून होता. दुसरा प्रकार सखल भातजमिनीचा. तिच्यातही गोड्या पाण्याची आणि खाऱ्या पाण्याची असा भेद होता. इंग्रज कारकुनांनी ‘भात’ या शब्दाचे ‘बॅटी’ असे रूप केले आणि खारट भातजमिनीला ‘सॉल्ट बॅटी ग्राउंड’ हे चमत्कारिक नाव दिले, जे महसुली दप्तरात रूढच झाले. तिसरा प्रकार मिठागरांचा. शिवडी, वडाळा, शीव या पूर्व व उत्तर किनाऱ्यांवर तो पसरलेला होता. भात आणि मीठ ही दोन्ही कामे प्रामुख्याने आगरी समाज करी, आणि ऋतुमानाप्रमाणे एकाच कुटुंबाचे हात दोन्हींकडे वळत. माझगाव हे मासेमारीइतकेच आंब्यासाठी प्रसिद्ध होते. तेथील झाडे वर्षातून दोनदा फळ देतात अशी ख्याती होती, आणि टॉमस मूर या आयरिश कवीच्या १८१७ मधील ‘लल्ला रूख’ या काव्यातही या आंब्याचा उल्लेख पोहोचला.

१६७३ साली मुंबईस आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने भरतीखाली वाया जाणारी चांगली जमीन ४०,००० एकर असल्याचे नोंदवले आहे. हा आकडा अनेक ग्रंथांत विनातक्रार उद्धृत होत आला. परंतु त्यानंतरच्या साडेतीन शतकांत जेवढी भर पडली ती सर्व धरूनही आजच्या मुंबई शहर जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे १७,००० एकरांहून अधिक नाही. फ्रायरचा आकडा मोजणीचा नसून अपेक्षेचा आहे, आणि त्या अर्थानेच तो महत्त्वाचा आहे. नव्या राज्यकर्त्यांना पाण्याखाली दिसत होते ते पीक.

जमिनीवरील हक्कांची गुंतागुंत याच काळात सुरू झाली. १५३४ च्या तहाने वसईबरोबर मुंबईही पोर्तुगिजांकडे गेली, आणि त्यांनी गावे ठरावीक वार्षिक देण्याच्या बदल्यात इनामदारांना लावून दिली. मुंबई बेट काही काळ गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे होते. १६६१ च्या विवाहकराराने बेट इंग्लंडच्या राजाकडे आले, १६६५ मध्ये त्याचा ताबा मिळाला आणि १६६८ मध्ये वार्षिक १० पौंड भाड्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देण्यात आले. या हस्तांतरांमुळे कोणाची जमीन कोणाकडे, हा वाद विकोपाला गेला. जेराल्ड आंजियर याने १६७२ मध्ये त्यावर तोडगा सुचवला: जमीनधारकांनी मिळून वर्षाला २०,००० शेराफिन द्यावेत, आणि कंपनीने त्यांच्या जुन्या मालकीस हात लावू नये. १६७४ मध्ये कायम झालेल्या या करारातून ‘पेन्शन अँड टॅक्स’ हा धारणाप्रकार जन्मला. पुढे त्यात पिकातील सरकारी वाट्यावर आधारलेला ‘टोका’, पोर्तुगीज काळापासूनची ‘फाझेंदारी’ आणि समुद्रापासून मिळवलेल्या जमिनीवरचा ‘फोरस’ यांची भर पडली. ही सर्व नावे शेतीच्या महसुलाची आहेत. विसाव्या शतकात गिरण्या, चाळी आणि वखारी यांच्या मालकीपत्रांत तीच नावे जशीच्या तशी आढळतात, हे मुंबईच्या जमीनव्यवस्थेचे एक वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

खाड्या बुजवण्याचे काम अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लहान खिंडारांपासून सुरू झाले. सर्वांत मोठे खिंडार महालक्ष्मी आणि वरळी यांच्या दरम्यानचे. त्यातून भरतीचे पाणी भायखळा, कामाठीपुरा आणि परळच्या पायथ्यापर्यंत पसरत असे. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना बांधलेल्या बांधाने ते बंद झाले. परंपरेने या कामाचे वर्ष १७८४ मानले जाते. ‘वेलार्ड’ हा शब्ददेखील पोर्तुगीज, अर्थ बांध. बांध पुन्हा पुन्हा खचू लागल्यावर रामजी शिवजी प्रभू यांना स्वप्नदृष्टान्त झाला, समुद्रातून देवींच्या मूर्ती काढल्या आणि मगच काम टिकले, ही महालक्ष्मी मंदिराची कथा याच बांधाशी निगडित आहे. तिची ऐतिहासिकता तपासण्याचे येथे कारण नाही; एवढे मात्र खरे की तेथील स्थानिक स्मृतीत हा बांध हॉर्नबीच्या एकट्याचा नाही.

बांध घालणे आणि जमीन लागवडीस आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इतिहासग्रंथांत दुसरीकडे फारच थोडे लक्ष दिले गेले आहे. खारी जमीन समुद्र अडवल्याबरोबर पिकत नाही. आतल्या बाजूस छोटे बांध घालून पावसाचे पाणी कोंडावे लागते, ते क्षार विरघळवून ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर सोडावे लागते, आणि हे काही पावसाळे करावे लागते. त्यानंतरही एखादी उधाणाची भरती बांध फोडून गेली तर सारे पुन्हा पहिल्यापासून. कोकणच्या खारभूमीत आणि गोव्याच्या खाजणांत हीच पद्धत रूढ आहे. गोव्यात पाणी आतबाहेर सोडणाऱ्या दाराला ‘मानस’ म्हणतात. मुंबईच्या मध्यवर्ती सखल प्रदेशात हे श्रम आगरी आणि कुणबी शेतकऱ्यांनी केले. कंपनीने अशी जमीन अल्प फोरस घेऊन त्यांच्याकडे दिली, कारण पडीक जमीन कोणीतरी कसावी, हाच तिचा त्या वेळचा हेतू होता. मालकी मात्र स्पष्ट शब्दांत दिली नाही. जमीन निरुपयोगी होती तोवर हा प्रश्न कोणी विचारला नाही.

शेत आणि गिरणी यांच्यामध्ये आणखी एक टप्पा आहे, तो बागबंगल्यांचा. किल्ल्यातील दाटी टाळण्यासाठी इंग्रज अधिकारी आणि पारशी व्यापारी माझगाव, भायखळा आणि परळ येथे राहू लागले. परळचे गव्हर्नराचे निवासस्थान ही एका पोर्तुगीज धर्मसंस्थेची पूर्वीची वास्तू होती. वाडिया घराण्याचे लालबाग आणि लवजी कॅसल हे बंगले याच परिसरातले. पुढे चिमण्यांचा धूर आणि रोगराई यांमुळे उच्चभ्रू वस्ती मलबार टेकडीकडे सरकली. गव्हर्नरांनीही १८८० च्या दशकात परळ सोडले, आणि १८९९ मध्ये त्याच वास्तूत हाफकिन यांची प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा आली.

निर्णायक बदल मात्र १८५० च्या दशकात घडला. १८५१ च्या फोरस कायद्याने या जमिनींवरील सरकारचा हक्क आणि फोरसदारांचा हक्क यांचा दीर्घकाळचा वाद मिटवला. रस्त्यांसाठी घेतलेले भाग वगळता जमीन धारकांच्या मालकीची झाली. शेतकऱ्याच्या बाजूने पाहता हा न्याय होता. पण मालकी स्पष्ट झाल्याबरोबर जमीन विक्रीयोग्यही झाली. दोनच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या बाँबे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. म्हणजे ज्या खिंडारावर हॉर्नबीचा बांध पडला, त्याच्याच मागच्या पट्ट्यात. एकोणिसावे शतक संपताना शहरात सुमारे ८० गिरण्या होत्या आणि त्यांतील बहुसंख्य ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, परळ, लोअर परळ या ओळीत उभ्या होत्या.

गिरण्या येथेच का आल्या, याची कारणे व्यवहारातील आहेत. किल्ल्याजवळ एवढी सलग जागा नव्हती. सखल जमीन स्वस्त होती, कारण पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि राहण्यास रोगट मानली जाई. तेथे तलाव होते. १८६० मध्ये पूर्ण झालेल्या विहार तलावाने पाण्याची आणखी सोय झाली. दोन्ही रेल्वेमार्ग जवळून जात. जमिनीची पातळी वाढवण्यासाठी शहराचा केरकचरा टाकून भराव केला गेला, आणि त्या भरावावर मजुरांच्या वस्त्या उठल्या. भातशेतीला हवे असलेले सखलपण उद्योगाला अडचणीचे होते. ती अडचण मालकांनी मजुरांकडे ढकलली, असे या वस्त्यांचा पुढचा आरोग्य-इतिहास पाहता म्हणता येते. १८९६ च्या प्लेगने ते उघडे पाडले.

पूर्व किनाऱ्याची कहाणी निराळी आहे. तेथे शेतजमिनीपेक्षा चिखलपट्टा, मिठागरे आणि कोळ्यांचे धक्के होते, आणि भांडवल थेट समुद्रात उतरले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाच्या भावामुळे शहरात पैशाचा पूर आला आणि भराव कंपन्यांच्या भागांवर सट्टा सुरू झाला. १ जुलै १८६५ रोजी तो कोसळला. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ नेमके १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे जुना किनारा दिसेनासा होत असताना. एल्फिन्स्टन कंपनीचे काम १८७० मध्ये सरकारने विकत घेतले, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, आणि ससून (१८७५), प्रिन्सेस (१८८०), व्हिक्टोरिया (१८८८) व अलेक्झांड्रा (१९१४) या गोद्या क्रमाने उभ्या राहिल्या. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईतील मातीवर बॅलार्ड इस्टेट वसली. माझगाव-शिवडी भरावाने १९०८ ते १९१२ या काळात ५८३ एकर भर पडली आणि १९२० च्या दशकात कापसाचा व्यापार कुलाब्याहून तेथे हलला.

या स्थित्यंतरात जुन्या कसणाऱ्यांचे काय झाले, याची नोंद विखुरलेली आहे. वाड्यांचे मालक, विशेषतः पाठारे प्रभू आणि पाचकळशी कुटुंबे, चाळी बांधून भाडे घेऊ लागली. जमीन ज्यांच्या नावावर नव्हती त्या कुळांना तो मार्ग खुला नव्हता. कोळीवाडे आक्रसत गेले तरी वरळी, माहीम, शीव येथे टिकले, कारण कोळ्यांचे उत्पादनसाधन जमीन नसून समुद्र होता. आगऱ्यांचे तसे नव्हते. खाचर गेले की त्यांचा व्यवसायच गेला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर, माटुंगा, शीव येथील उरलीसुरली शेतजमीन सक्तीने संपादन केली, आणि बेटावरची भातशेती व्यवहारतः संपली.

त्या जागी जे आले तेही शेतकरीच होते. १९११ च्या जनगणनेत शहरातील पाचांपैकी सुमारे चार जण बाहेर जन्मलेले आढळले, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता. खाचराचे तुकडे पडलेली, खारभूमी आणि वरकस जमीन यांवर जगणारी ही कुटुंबे होती. पुरुष साच्यावर, बायका-मुले गावच्या शेतावर, आणि पेरणी-कापणीला मिळेल ती रजा काढून गावी जाणे, असा त्यांचा क्रम होता. गिरणीमालकांनी या ये-जा करण्याला ‘गैरहजेरी’ म्हटले. पण गावची शेती हाच त्या मजुराचा एकमेव विमा होता, आणि संपाच्या महिन्यांत तो कामी येई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपातही अनेक कामगार गावी परतून तगले.

बेटावर जे संपले ते तुर्भे येथे पुन्हा सुरू झाले. ठाणे खाडीकाठच्या या गावांत आगरी आणि कोळी वस्ती, भातशेती व मिठागरे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. १९५४ व १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने, १९५४ मध्येच अणुऊर्जा संशोधनकेंद्र, १९५६ मध्ये औष्णिक वीजकेंद्र आणि १९६५ मध्ये खतकारखाना अशा क्रमाने तो किनारा बदलला. येथे मधला बागबंगल्यांचा टप्पा नव्हता, आणि हक्कांचा प्रश्न वाटाघाटींऐवजी भूसंपादन कायद्याने सुटला. मिठागरांपैकी जी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड येथे उरली होती, त्यांतील सुमारे २५६ एकर जमीन धारावी प्रकल्पातील घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला.